पुणे ते पानिपत : दोन तास की साडेचार महिने?

पुण्याहून दिल्लीला विमान साधारण दोन तासांत पोहोचते. पुढचे नव्वद किलोमीटर मोटारीने आणखी दोन तास. सकाळी चहा घेऊन निघालेला माणूस दुपारी काला अंबच्या स्मारकापुढे उभा राहतो आणि तिथेच निकाल देतो, ‘भाऊ इतक्या लांब आलेच कशाला?’ १४ जानेवारीला इथे जमणाऱ्या मंडळींत हे वाक्य हमखास कानावर पडते. मला ते पटत नाही.

नकाशावर पट्टी ठेवून बघा. पुणे ते पानिपत सरळ रेषेत साडेबाराशे किलोमीटरच्या आसपास, कंदाहार ते पानिपत अकराशेच्या आसपास. अब्दालीही काही शेजारच्या गावातून आला नव्हता. मग अंतर फक्त आपल्यालाच का नडले?

कारण फौजेचे अंतर दिवसांत मोजतात. दाणागोटा, पैसा, निरोप आणि कुमक किती दिवसांत पोहोचते, ते खरे अंतर. अब्दालीच्या पाठीशी नजीबखान होता, रोहिलखंड आणि दुआबाचे धान्य होते. आपली फौज मार्च १७६० मध्ये परतूरहून निघाली, पावसाने फुगलेल्या नद्यांपाशी खोळंबली आणि ऑगस्टच्या सुरुवातीला दिल्लीत शिरली. ऑक्टोबरअखेर अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडून दिल्लीची वाट अडवली. आजचा तो दोन तासांचा रस्ता मग अडीच महिने बंदच राहिला. अब्दालीची रसद तोडायला दुआबात उतरलेले गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. आपल्या छावणीत उपासमार सुरू झाली. नानासाहेब उत्तरेकडे निघाले होते, पण पराभवाची बातमी त्यांना गाठली ती भेलशाजवळ, पानिपतच्या सहाशेहून अधिक किलोमीटर अलीकडे.

लडाखला राहिलेल्या जवानाला हे समजावून सांगावे लागत नाही. दिल्ली ते लेह विमानाने दीड तासाच्या आत. तरीही हिवाळ्याचे रेशन आणि रॉकेल उन्हाळ्यातच वर चढवावे लागते. बर्फाने खिंड बंद झाली की पुढच्या चौकीला विमानाच्या वेळापत्रकाचा काय उपयोग?

भाऊंच्या चुका जरूर मोजाव्यात. यात्रेकरू आणि बुणग्यांचा भार सोबत होता, उत्तरेत भरवशाचे मित्र कमी होते. पण लांब येणे हा गुन्हा नव्हता. अटकेपर्यंत जाणारी फौज लांबच जाणार. मागची वाट हातची गेली, तिथे घात झाला.

म्हणून पुढच्या १४ जानेवारीला काला अंबला याल, तेव्हा मुलांना विटांचा स्तंभ दाखवाच. पण दक्षिणेला पन्नासेक किलोमीटरवर बागपत आहे, तेही दाखवा. पानिपत हातातून निसटायला सुरुवात तिथे झाली.