बिनतारी कॅमेऱ्याचा पहारा

हल्लीं शहरांतच नव्हे तर तालुक्याच्या गांवींहि घराच्या दारावर किंवा जिन्याच्या तोंडाशीं एक लहानसा पांढरा कॅमेरा लटकलेला दिसूं लागला आहे. चोरीची भीति, दिवसभर कामावर असणारे आईबाप, घरीं एकटी राहणारी आजी, अशीं त्याचीं कारणें आहेत व तीं खोटीं नाहींत. कॅमेरा लावणें गैर आहे असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, ज्या वायफायच्या जाळ्यावर हा पहारेकरी उभा राहावयाचा, तें घरचें जाळें आधीं नीट बांधलें पाहिजे. तें न करतां लाविलेला कॅमेरा घराचें रक्षण करण्याऐवजीं घराचा आंतला भाग परक्याच्या डोळ्यांपुढें मांडून ठेवतो. हा विषय शाळेच्या अंकांत घेण्याचें कारण असें कीं, पुष्कळ घरीं हें काम वडील माणसें करीतच नाहींत. वडील खोकें उघडतात, चष्मा शोधतात, आणि शेवटीं मोबाइल शाळकरी मुलाच्या किंवा मुलीच्या हातीं देतात. घराची ही किल्ली आज आम्हां विद्यार्थ्यांच्याच हातीं आहे.

प्रथम 'बिनतारी' हा शब्दच थोडा फसवा आहे. चित्र नेण्यास तार लागत नाहीं हें खरें; पण वीज नेण्यास बहुतेक कॅमेऱ्यांस ती लागतेच, आणि राउटर बंद पडला म्हणजे कॅमेऱ्यानें पाहिलेलें मोबाइलवर कोणास दिसत नाहीं. वीज जाणें हा आपल्याकडे नित्याचा प्रकार. तेव्हां इन्व्हर्टरवर पंख्याइतकीच राउटरची व कॅमेऱ्याची सोय झाली पाहिजे. स्वस्त कॅमेरे बहुधा २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरींवरच चालतात. या लहरी ५ गिगाहर्ट्‌झच्या लहरींपेक्षां दूर जातात व भिंतींतून अधिक पार होतात. तरी जाड चिऱ्याची भिंत, स्लॅब आणि विशेषतः लोखंडी कपाट यांपुढें त्याहि दुबळ्या पडतात. आणि राउटर तर नेमका कपाटामागें, तारा दिसूं नयेत म्हणून, दडवून ठेविलेला असतो! मग चित्र अडखळतें आणि बिचाऱ्या दुकानदाराशीं भांडण होतें. राउटर घराच्या मध्यावर, उंच व मोकळ्या जागीं असावा.

चित्रें कोठें साठवावयाचीं हा प्रश्न थोडा हिशेबाचा आहे. एक कॅमेरा सेकंदास २ मेगाबिट माहिती पाठवितो असें धरलें, तर ८६,४०० सेकंदांच्या दिवसांत ती २१.६ गिगाबाइट होते. म्हणजे ६४ गिगाबाइटचें कार्ड तीन दिवसांतच भरतें, आणि जुनें पुसून त्यावर नवें लिहिलें जातें. असे चार कॅमेरे आपलीं चित्रें इंटरनेटवरून कंपनीच्या दूरच्या साठ्यांत पाठवीत असतील, तर सेकंदास ८ मेगाबिटांचा प्रवाह घरांतून अहोरात्र बाहेर वाहतो. आमच्या मतें चित्रें शक्य तेथें घरच्याच साठवणयंत्रांत ठेवावीं. आपल्या अंगणांत कोण केव्हां आलें याची नोंद आपल्याच घरीं राहते. चोरानें तें यंत्रच उचलून नेलें तर काय, असा आक्षेप कोणी घेईल, व तो खरा आहे. त्यासाठीं हालचाल झाली तेवढ्याच वेळेचें चित्र बाहेर पाठविण्याची सोय असते, ती वापरावी.

परंतु सर्वांत मोठी हयगय होते ती पासवर्डाच्या बाबतींत. २०१६ सालीं 'मिराई' नांवाच्या एका घातकी प्रोग्रॅमनें जगांतील लाखों कॅमेरे, राउटर व चित्रें साठविणारीं यंत्रें आपल्या ताब्यांत घेतलीं. त्याची विद्या फार मोठी होती असें नाहीं. कारखान्यांतून निघतांना यंत्रांस जीं ठराविक नांवें व पासवर्ड दिलेले असतात, त्यांच्या सुमारें ६० जोड्यांची यादी त्याच्याजवळ होती, आणि ती तो एकामागून एक लावून पाही. २१ ऑक्टोबर २०१६ रोजीं अशा यंत्रांच्या सैन्यानें अमेरिकेंतील डाइन या कंपनीवर मागण्यांचा भडिमार केला, आणि ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारखीं स्थळें असंख्य लोकांस कित्येक तास उघडेनात. मिराई ज्यांनीं रचिला ते तिघे अमेरिकन तरुण जेमतेम विशींतले होते. डिसेंबर २०१७ मध्यें त्यांनीं गुन्हा कबूल केल्याचें जाहीर झालें. बुद्धि होती, पण ती कोठें खर्च झाली पाहा.

हें परदेशचें म्हणून सोडून देतां येत नाहीं. फेब्रुवारी २०२५ मध्यें राजकोट येथील एका प्रसूतिगृहाच्या कॅमेऱ्यांतील स्त्रीरुग्णांचीं चित्रें इंटरनेटवरून विकलीं जात असल्याचें उघडकीस आलें. गुजरात पोलिसांनीं ज्यांस पकडलें, त्यांत आपल्या महाराष्ट्रांतीलहि इसम होते.

म्हणून कॅमेऱ्याचा व राउटरचा मूळचा पासवर्ड पहिल्याच दिवशीं बदलावा, आणि कॅमेऱ्यांस राउटरवर निराळें नेटवर्क द्यावें. बहुतेक नव्या राउटरांत पाहुण्यांसाठीं दुसऱ्या नांवाचें व दुसऱ्या पासवर्डाचें नेटवर्क उघडतां येतें. परक्या पाहुण्यास आपण ओटीवर बसवितों, माजघरांत नेत नाहीं. कॅमेऱ्यासहि ओटीवरच बसूं द्यावें. मग तो कोणीं फोडला, तरी ज्या संगणकावर वडिलांचे बँकेचे व्यवहार चालतात तेथवर त्यास सहज पोहोंचतां येत नाहीं. साठवणयंत्र मात्र कॅमेऱ्यांच्याच नेटवर्कवर हवें, नाहींतर दोघांची गांठ पडावयाची नाहीं. राउटरला परस्पर बाहेरचीं दारें उघडूं देणारी यूपीएनपी नांवाची सोय बंद ठेवावी, आणि संरक्षण निदान डब्ल्यूपीए-२ चें असावें. भारत सरकारनें २०२४ सालीं आदेश काढून नव्या कॅमेऱ्यांची सुरक्षिततेची तपासणी सक्तीची केली व एप्रिल २०२५ पासून ती अंमलांत आली, ही चांगली गोष्ट झाली. पण आधींच भिंतीवर असलेल्या कॅमेऱ्याची काळजी घरच्यांनींच वाहावयाची आहे.

आणखी एक गोष्ट आहे, ती यंत्राची नव्हे. फेब्रुवारी २०२५ मध्यें कलकत्ता उच्च न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, एकत्र राहणाऱ्यांच्या संमतीवांचून निवासाच्या भागांत कॅमेरे चालवितां येणार नाहींत; मे महिन्यांत सर्वोच्च न्यायालयानेंहि त्यांत हात घातला नाहीं. तो खटला दोघां भावांमधला होता. न्यायालयापर्यंत न जातांहि हें ओळखतां यावें. आजीच्या खोलींत कॅमेरा लावण्यापूर्वीं आजीस विचारावें; भांडीं घासावयास येणाऱ्या बाईंस तो कोठें आहे हें सांगावें; आणि त्याचें तोंड शेजाऱ्याच्या दाराकडे नसावें. जोडणी करणाऱ्या मुलानें पासवर्ड स्वतःच्या डोक्यांत न ठेवतां वडिलांच्या वहींत लिहून द्यावे, आणि तो शिकावयास परगांवीं गेला म्हणजे घरच्यांनीं ते बदलून टाकावे.