चाव्याचा जोर आणि घडियालाची उपेक्षा

मगर अधिक बलिष्ठ की कोमोडो बेटावरील महाकाय घोरपड, हा प्रश्न पोरकट म्हणून सोडून देता येत नाही. कारण प्रौढांसाठी लिहिलेल्या पुस्तकांतही त्याचे उत्तर पुष्कळदा चाव्याच्या जोराच्या एका आकड्याने दिलेले असते. ही रीत सोपी खरी, परंतु शास्त्रदृष्ट्या सदोष होय.

आकडा खोटा नाही. ग्रेगरी एरिक्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये मगरवर्गातील २३ जातींची मापने प्रसिद्ध केली. त्यांत खाऱ्या पाण्यातील एका मगरीच्या चाव्याचा जोर १६,४१४ न्यूटन, म्हणजे सुमारे १,६७० किलोग्रॅम भाराइतका भरला. मात्र तोच जबडा उघडणारे स्नायू इतके दुर्बळ असतात की, मिटलेले तोंड साध्या दोरीने बांधून ठेवता येते. शिवाय हे बळ क्षणिक असते. हा शीतरक्ताचा प्राणी झटापटीची बहुतेक ऊर्जा प्राणवायूवाचून निर्माण करतो. त्यामुळे रक्तात लॅक्टिक आम्ल साठते आणि तो लवकर थकतो. पकडल्या जाताना दीर्घकाळ झुंजलेल्या प्रचंड मगरी या आम्लाधिक्याने मागाहून दगावल्याचीही उदाहरणे आहेत. अर्थात दबा धरून बसणाऱ्या शिकाऱ्याला दीर्घ दमाची गरजच काय?

उलट, तीन मीटरपर्यंत वाढणाऱ्या कोमोडो घोरपडीचा चावा त्या मानाने अगदी क्षीण, तरीही ती हरणे व रानडुकरे मारते. करवतीसारख्या कडांचे दात रोवून ती मान मागे खेचते आणि मांस चिरत जाते. जबड्याची उणीव मान व पाय भरून काढतात. तिच्या खालच्या जबड्यात विषग्रंथी असल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. (लाळेतील घातक जंतूंची जुनी कथा मात्र आता पुस्तकांतून काढून टाकावी.)

या प्रतवारीने खरा अन्याय होतो तो भारतातील घडियालावर. देहाच्या मानाने त्याचा चावा दुर्बळ आढळला. म्हणून बलवंतांच्या यादीत त्याला तळाची जागा मिळते आणि यादीबरोबर वाचकांचे कुतूहलही संपते. वस्तुतः त्याचा जबडा हाडे चिरडण्यासाठी नाहीच. लांब, चिंचोळे मुस्कट पाण्यात आडवे फिरवताना अडथळा फारच थोडा होतो, आणि शंभराहून अधिक तीक्ष्ण दातांत निसटता मासा अडकतो. रुंद तोंडाच्या मगरीला ही चपळाई साधत नाही.

भारतात मगरसंवर्धनाचा प्रकल्प १९७५ मध्ये सुरू झाला, तरी घडियाल आजही अतिसंकटग्रस्त आहे. २००७-०८ च्या हिवाळ्यात एकट्या चंबळ नदीत शंभराहून अधिक घडियाल मृत्युमुखी पडले. धरणांनी प्रवाह अडतो, वाळूच्या उपशाने अंडी घालण्याचे काठ नष्ट होतात. आणि मासे पकडण्यात इतके निष्णात असलेले तेच दातेरी मुस्कट कोळ्यांच्या जाळ्यात गुंतले, म्हणजे त्याला पृष्ठभागावर येऊन श्वासही घेता येत नाही.