पदवी हातात, पण आकडा वाचता येईना

पावसाळ्यात नृसिंहवाडीला पहिला निरोप देवळातून मिळतो. पाणी पादुकांवरून वाहत दक्षिण दारानं बाहेर पडलं की दक्षिणद्वाराला स्नानाची गर्दी होते, आणि मळीतला शेतकरी नदीवरची मोटर वर काढायला पळतो. हा निरोप कधी खोटा ठरत नाही, कारण तो डोळ्यांनी दिसतो.

दुसरा निरोप मोबाईलवर येतो. घोळ तिथंच सुरू होतो.

एका रात्री शिरोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या घरी बसलो होतो. पोरगा बी.एस्सी. झालेला. मोबाईलवर मेसेज आला, ‘कोयनेचे दरवाजे पाच फूट उचलले, पाणी पाच फुटांनी वाढणार.’ वडिलांनी विचारलं, "खरं हाय का रं?" पोरगा म्हणाला, "ग्रुपवर आलंय म्हणजे खरंच असणार." रातोरात जनावरं हलवली. मेसेज जुना निघाला, त्यावर तारीखच नव्हती. पुढच्या पावसाळ्यात खरा इशारा आला, तेव्हा त्याच घरात "असली अफवा मागं पण आली होती" म्हणून दिवस घालवला. दोन म्हशी गेल्या. नदीइतकाच त्या पहिल्या मेसेजचाही यात हात आहे.

आकड्यात काय दडलंय?

धरणाचा दरवाजा पाच फूट उचलणं आणि नदीची पातळी पाच फूट वाढणं, या दोन गोष्टी वेगळ्या. विसर्ग क्युसेकमध्ये मोजतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी. साधारण ११,५७४ क्युसेक पाणी दिवसभर वाहिलं की एक टीएमसी होतं. राधानगरीच्या एका स्वयंचलित दरवाजातून १,४२८ क्युसेक पाणी सुटतं. असे सातही दरवाजे उघडले तरी सुमारे १०,००० क्युसेक, म्हणजे दिवसाला एक टीएमसीपेक्षा कमीच. हा हिशेब सातवीच्या गणिताचा आहे, पण पदवीधर पोरगा तो करून बघत नाही.

दुसरी गोष्ट जागेची. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. हे आकडे तिथले, वाडीचे नव्हेत. कोयनेचं पाणी कराडला कृष्णेत मिळून सांगलीवरून येतं, राधानगरीचं भोगावतीतून पंचगंगेत येतं, आणि दोन्ही वाडीच्या संगमावर भेटतात. कृष्णा फुगलेली असली की पंचगंगेचं पाणी पुढं सरकत नाही, मागं तुंबतं. म्हणून कोल्हापुरात पाणी उतरलं तरी वाडीत लगेच उतरेल असं नाही. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर ज्यांनी पाहिले त्यांना हे सांगायला नको.

वारणेचा धडा

संगणक खेड्यात यायला आपल्याकडं उशीर झाला असं कुणी म्हणू नये. वारणानगर परिसरातल्या सुमारे ७० गावांत १९९८ मध्ये ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. सर्व प्रकारची माहिती गावात मिळावी हा हेतू होता. प्रत्यक्षात त्या संगणकांवर जास्त करून उसाची नोंद, तोडणी, खत आणि बिलाचीच कामं झाली. २००७ च्या सुमारास काही गावांत हेच काम साध्या मोबाईलच्या एसएमएसवर करून बघितलं, आणि ते झालं. म्हणजे यंत्र कोणतं, हा मोठा प्रश्न नव्हता. माहिती मागायची कशी आणि पारखायची कशी, हे शिकवायचं राहिलं.

पुढं २००१ पासून एमएस-सीआयटीनं लाखो पोरांना संगणकावर बसवलं. ते काम मोठंच. पण फाईल उघडता येणं वेगळं आणि फाईलमधलं खरं की खोटं ते कळणं वेगळं. आज पीक विम्याच्या नावानं खोटी लिंक येते, योजनेचं बनावट पत्र येतं, आणि संगणकानं तयार केलेला आवाज अन् चित्रही येतं. २०२१ पासून ई-पीक पाहणीही मोबाईलवर आली. घरातला शिकलेला पोरगाच सगळ्यांचा वाचक झालाय. तो चुकला की घर चुकतं.

कॉलेजांनी काय करावं?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यात डिजिटल विषयाला जागा आहे, क्षेत्रीय प्रकल्प आणि समाजकार्यालाही श्रेयांक आहेत. जयसिंगपूर-कुरुंदवाडच्या पोरांनी हे श्रेयांक वर्गात बसून का मिळवावेत? जून ते सप्टेंबर रोज पाटबंधारे खात्याचा विसर्ग आणि पातळी उतरवून घ्यावी, हिशेब करावा आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर तारीख-वेळेसह लिहावं. फिरणारा मेसेज चार प्रश्नांवर घासावा : कुणी पाठवला? कधीचा? आकडा कुठल्या जागेचा? तोच आकडा सरकारी ठिकाणी सापडतो का? परीक्षा घ्यायची तर याचीच घ्यावी.

कुणी म्हणेल, अभ्यासक्रम आधीच भरगच्च आहे. खरं आहे. पण याला नवी इमारत लागत नाही, नवा संगणक लागत नाही. ग्रंथपाल, गणिताचे प्राध्यापक आणि गावचा तलाठी एका टेबलाशी बसले तरी सुरुवात होईल.

बियाणं घेताना आपण पिशवीवरचं लेबल बघतो, मुदत बघतो, पावती मागतो. तीच सवय मेसेजला लावायची आहे. पुढचा पूर येण्याआधी ती लागली, तर गोठा वेळेवर सुटेल आणि उगीच सुटणार नाही.