तरुणांशी बोलायचं कोणी?



लग्न ठरलं की चर्चमध्ये जाहीर होतं, हॉल बुक होतो, केकची ऑर्डर जाते. पण मूल केव्हा हवं, तोवर काय काळजी घ्यायची, हे जोडप्याशी कोणी बोलत नाही. लग्न न झालेल्यांचा तर विषयच नको! मग निर्णय होतात ते मोबाइलवर, मैत्रिणीच्या सांगण्यावरून नाहीतर मेडिकलच्या काउंटरवर.

त्यातून घोटाळे होतात. ७२ तासांच्या आत घ्यायची गोळी आणि गर्भपाताच्या गोळ्या एकच, असं कित्येकांना वाटतं. पहिली गर्भ राहू नये म्हणून असते. राहिलेला गर्भ तिने पडत नाही. दुसऱ्या गोळ्या डॉक्टरला न दाखवता घेणं धोक्याचं आहे. गर्भ नळीत असेल तर त्यांचा उपयोग होत नाही, आणि नळी फुटली तर जिवावर बेततं.

कायदाही माहीत हवा. १९७१ चा गर्भपात कायदा २०२१ मध्ये सुधारला. कायद्यात बसणारं कारण असेल तर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. ठरावीक परिस्थितीत २४ आठवड्यांपर्यंत दोघांचं लागतं. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क अविवाहित स्त्रियांनाही आहे असं सांगितलं. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही लागत नाही. तिचं नाव गुप्त ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे.

मी गर्भपाताची वकिली करत नाही. गर्भातला जीव देवाचं दान आहे, असंच मी मानते. साधनांबद्दल आपल्यात एकमत नाही. १९६८ च्या पत्रात पोप सहावे पॉल यांनी कृत्रिम साधनं नाकारली; अँग्लिकन बिशपांनी १९३० मध्येच काही अटींवर मुभा दिली होती. एकाच गल्लीतल्या दोन ख्रिस्ती घरांत उत्तर वेगळं असू शकतं. म्हणून तर बोलायला हवं.

दिवस गेलेल्या अविवाहित मुलीला पहिली भीती देवाची नसते, आपली असते. "आता चर्चमध्ये तोंड कसं दाखवू?" या एका प्रश्नावर ती घाईने ठरवून मोकळी होते. तिथे विवेकबुद्धीला बोलायला जागाच उरत नाही. जिवाचं मोल सांगणाऱ्या आपण, ती उपासनेला आली तर तिच्या बाकावर बसू का? आणि तो मुलगा? त्याला कोणी काही विचारत नाही.

पाळकसाहेबांना आणि फादरांना माझी विनंती आहे. विवाहपूर्व वर्गात एक तास स्त्रीरोगतज्ज्ञांना द्या, मुलगा-मुलगी दोघांनाही बसवा. तरुण संघातही हा विषय घ्या. कोणी एकटं भेटायला आलं तर आधी ऐका, आणि ऐकलेलं चार भिंतींत ठेवा. आईवडिलांनीही घरात तेवढी मोकळीक द्यावी. आपली शिकवण पक्की असेल तर तिला प्रश्नांची भीती कशाला?