बंदीने मुशी वाचेल काय?

महाबळेश्वरच्या माथ्यावर पडणाऱ्या पावसाचे दोन वाटे होतात. एक कृष्णेबरोबर पाचगणीच्या पायथ्याने वाईकडे येतो. दुसरा सावित्रीबरोबर घाट उतरून बाणकोटच्या खाडीने अरबी समुद्रास मिळतो. त्या समुद्राशी आपला संबंध बाजारात येणाऱ्या मासळीपुरताच, असे आम्ही घाटावरचे लोक समजतो. परंतु समुद्राचे कायदे साऱ्या देशाच्या नावाने होतात. म्हणून मुशीचा, म्हणजे शार्क माशाचा, प्रश्न आपणही समजून घेतला पाहिजे.

मुशी जगभर घटत आहे, याविषयी दुमत नाही. मुशी, पाकट आणि त्यांच्या कुळातील जातींपैकी एकतृतीयांशाहून अधिक जाती नामशेष होण्याच्या धोक्यात आहेत, असे 2021 साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक पाहणीत आढळले. बांगडा किंवा तारली असंख्य अंडी घालते. मुशीच्या बहुतेक जाती मात्र उशिरा वयात येतात आणि मोजकीच पिल्ले देतात. मुद्दलच खर्ची पडले, तर व्याज यायचे कोठून?

यावर सरकारने योजलेला उपाय मुख्यतः बंदीचा आहे. जुलै 2001 मध्ये सर्वच मुशी-पाकटांना वन्यजीव कायद्याचे कडेकोट संरक्षण देण्यात आले. मच्छीमारांत ओरड झाली आणि त्याच वर्षी डिसेंबरात ते दहा जातींपुरते उरले. 2015 साली सर्व जातींच्या मुशीच्या पंखांची निर्यात बंद झाली. 2022 च्या दुरुस्तीने संरक्षित जातींची यादी पुन्हा वाढली. हेतू स्तुत्य आहे. फळ मात्र तपासले पाहिजे.

2018 साली महसूल गुप्तवार्ता संचालनालयाने मुंबईत शिवडी आणि गुजरातेत वेरावळ येथे मिळून सुमारे 8 हजार किलो पंख पकडले. म्हणजे व्यापार थांबला नव्हता, तो अंधारात गेला होता. शिवाय कोकणात मुशी केवळ पंखांसाठी मरत नाही. मालवणकडे जिला मोरी म्हणतात, ती कोळ्याच्या घरचे अन्न आहे. आणि पुष्कळदा ती इतर मासळीबरोबर आपसूक जाळ्यात येते. पंखांची निर्यात थांबली म्हणून ट्रॉलरचे जाळे तिला वगळीत नाही. हे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी असे झाले. 2024 साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक संशोधनाचा निष्कर्षही हाच आहे: पंख कापण्याविरुद्धचे कायदे वाढले, तरी 2012 ते 2019 या काळात मासेमारीत मरणाऱ्या मुशींची वार्षिक संख्या 7 कोटी 60 लाखांवरून 8 कोटींवर गेली.

मग बंदी उठवावी काय? मुळीच नाही. व्हेल शार्कसारख्या जातीला पूर्ण अभयच हवे. परंतु ते अभय कागदावरून पाण्यात कसे उतरले, हे पाहण्यासारखे आहे. गुजरातच्या किनाऱ्यावर 2004 पासून मच्छीमारांची समजूत घालण्यात आली आणि त्यांनी स्वतःची जाळी कापून शेकडो व्हेल शार्क सोडून दिले. महाराष्ट्रानेही डिसेंबर 2018 पासून, संरक्षित जलचर सोडताना कापलेल्या जाळ्यासाठी 25 हजार रुपयांपर्यंत भरपाई देऊ केली. कायद्याला हात फुटले ते मच्छीमारांचे.

सरसकट बंदीचा आणखी एक दोष आहे. बंदी घातली की मोजदादीची निकड वाटेनाशी होते आणि मच्छीमारही माहिती दडवू लागतो. 2022 साली पनामा येथील आंतरराष्ट्रीय परिषदेने मुशीच्या अनेक जातींचा व्यापार बंद केला नाही. निर्यातीने त्या जातीची हानी होत नाही, असा दाखला मात्र आवश्यक ठरविला. असा दाखला हिशेबावाचून देता येत नाही. ससून गोदीपासून मालवणपर्यंत प्रत्येक बंदरावर जातवार नोंद व्हावी. सर्रास मिळणारी लहान मुशी लवकर वयात येते. तिला आणि मंदगतीने वाढणाऱ्या मोठ्या जातींना एकच नियम लावू नये. पिल्लांच्या जागा हंगामापुरत्या राखाव्यात आणि ट्रॉलरच्या जाळ्याच्या आसाचा नियम खरोखर पाळला जावा.

हे काम बंदीच्या फर्मानापेक्षा कष्टाचे आहे, आणि ते होईपर्यंत दुर्मीळ जातींवरील बंदी ढिली करता येणार नाही. परंतु नारळी पौर्णिमेपर्यंत दर्याला विसावा देण्याची रीत कोळ्यांना कोणत्याही सरकारने शिकविली नाही. ज्यांना संयम ठाऊक आहे, त्यांना आरोपी न मानता राखणदार करणे, यातच मुशीचे आणि मच्छीमाराचेही हित आहे.