ऐंशी म्हणजे चार विसा

मॉन्ट्रियलच्या नातीची शाळा फ्रेंच. व्हिडिओ कॉलवर बोलता बोलता ती फ्रेंचमध्ये शिरते आणि मी बघत राहते. म्हणून इंदुरात बसून शिकतेय, निव्वळ ऐकून. सकाळी पोहे परतताना आरएफआयच्या सोप्या फ्रेंचमधल्या दहा मिनिटांच्या बातम्या. एकच भाग चार-चार दिवस. आधी नुसता गलका, मग शब्द सुटे होतात. ‘ले’ आणि ‘आमी’ बोलताना जोडून ‘लेझामी’ होतं, हे कानालाच कळतं. नाकातले स्वर आपल्याला फुकट. हिंदीतलं ‘हाँ’ रोजचंच की! (बातम्या पॅरिसच्या, नातीचा हेल क्यूबेकचा, ते निराळंच.) फ्रेंचमध्ये ऐंशी म्हणजे ‘चार-वीस’. आमची आजीही ‘चार विसा’ म्हणायची. नातीला हे सांगितलं, तर तिनं चक्क मराठीत विचारलं, “मग सत्तरला ‘साठ-दहा’ का गं?”