लुटेशियाचा चिखल

पॅरिस हे नगर ट्रॉयच्या पॅरिस राजपुत्राच्या नावावरून वसले, आणि त्याचे प्राचीन नाव ‘लुटेशिया’ हे लॅटिनमधील चिखलवाचक ‘लुटुम्’ शब्दापासून निघाले, असे ठासून सांगणाऱ्या व्याख्यात्यांची आपल्या मंडळांत उणीव नाही. दोन्ही कथा मध्ययुगीन आहेत. परंतु जुनेपणा हा काही पुरावा नव्हे.

इ. स. पूर्व ५३ ची हकिकत सांगताना सीझर या गावास ‘लुटेशिया पारिसिओरुम्’ म्हणतो. ‘पारिसिओरुम्’ हे पुल्लिंगी षष्ठीचे अनेकवचन होय; अर्थ, ‘पारिसी लोकांची लुटेशिया’. राजपुत्राच्या नावाची षष्ठी ‘पारिदिस्’ अशी एकवचनी होते. एवढे व्याकरण पाहिले असते तरी ट्रॉयपर्यंतची पायपीट वाचली असती!

चिखलाचेही तेच. स्ट्रेबो आणि टॉलेमी या ग्रीकांनी दिलेल्या रूपांत ‘क’कार आहे, तो लॅटिन चिखलातून कसा वर आला? काही पंडित दलदलीसाठी केल्टिक शब्द शोधतात. तो वाद निराळा. तो निदान त्या लोकांच्या भाषेत तरी चालला आहे.

पुढे रोमन साम्राज्याच्या उत्तरकाळात ‘लुटेशिया’ गळाले आणि लोकनाम उरले. ‘पारिसिईस्’, म्हणजे ‘पारिसींच्या ठायी’, या अनेकवचनी रूपाचा ‘स’कार आजच्या पॅरिसच्या लेखनात टिकून आहे, फ्रेंच माणूस तो उच्चारीत नसला तरी. रेमी लोकांचे रॅंस व आंबियानींचे आमियॅं याच वाटेने आले. आम्हां मराठी वाचकांस यात नवल वाटण्याचे कारण नाही. लोकांच्या नावाने देश ओळखला गेला तरी त्याचे अनेकवचन कायम राहते, हे पाणिनीने सांगून ठेवले आहे. संस्कृतात ‘पञ्चालाः’ आणि ‘विदर्भाः’ हे देशही अनेकवचनीच.

आमचा आक्षेप केवळ प्रत्ययांपुरता नाही. इ. स. पूर्व ५२ मध्ये सीझरचा सेनानी लाबिएनुस् चालून आला, तेव्हा शत्रूच्या हाती पडू नये म्हणून लुटेशिया जाळण्यात आली, पूल तोडण्यात आले आणि वृद्ध सेनापती कामुलोगेनुस् रणात पडला. पारिसींचे गाव गेले, भाषा गेली. राहिले ते नाव. तेही ट्रॉयच्या त्या स्त्रीहरण करणाऱ्या राजपुत्रास बहाल करण्याचा अधिकार आमच्या व्याख्यात्यांस कोणी दिला?